फ्युजलाजवरचा हात

"हे स्वल्प पुसून घ्या हो," सर म्हणाले.

मी पुसलं.

माझ्या आईने जिथे हात ठेवला होता, तिथे. आई शेजारीच उभी होती. तिने हात मागे घेतला होता, पण तो खाली गेला नव्हता, कमरेपाशीच अडला होता. मी कपाटातून तंतू न सुटणारं पांढरं कापड काढलं, त्यावर स्पिरिट घेतलं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर तिच्या पाच बोटांचा धुरकट ठसा उमटला होता तो वरून खाली, एका दिशेने, एका झटक्यात काढून टाकला. पुसायची पद्धत मीच लिहिलेली आहे. गोल फिरवायचं नाही. वापरलेली घडी उलटून पुन्हा वापरायची नाही. कापड लाल झाकणाच्या डब्यात टाकायचं. मी सगळं पद्धतशीर केलं. मग खिळ्याला टांगलेली वही उघडून लिहिलं. वेळ अकरा वीस. जागा मागचा भाग, डावी बाजू. स्पर्श करणारा: बाह्य व्यक्ती. पुसले. खाली माझी सही.

बाह्य व्यक्ती. मला जन्म दिलेली बाई.

हे मी कुणाची कीव मिळवण्यासाठी लिहीत नाही. कीव यावी असं माझ्या बाजूने काही घडलेलंच नाही.

मी म्हैसूरला विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात आहे. कारखाना हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्याला. नवी मुलं-मुली कामाला लागतात, त्यांना पत्रा कसा धरायचा, रिव्हेट कसं मारायचं, कुठे हातमोजे घालायचे, हे शिकवतात. शिकवणारे दुसरे. मी कागद सांभाळते. वेळापत्रक, हजेरी, सूचना, वह्या. मला याद्या करायची सवय आहे, लहानपणापासून. एखादी गोष्ट यादीत आली की माझ्या डोक्यातून जाते आणि मला झोप लागते. ऑफिसात सगळे म्हणतात, तुमच्याकडे दिलं की काळजी नाही. हे ऐकायला मला आवडतं. आवडत असे.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये एका विमानाच्या धडाचा मागचा तुकडा ठेवलेला आहे. शेपटीकडे निमुळता होत जाणारा. तपासणीत नापास झालेला. तो कधीच उडणार नाही. पण मुलांना सवय लागावी म्हणून त्यावरही खऱ्या विमानाचेच नियम. उघडा हात लागला की पत्र्यावर घाम राहतो, घामात मीठ असतं, मिठाने पत्रा गंजतो. म्हणून हातमोजे. मोज्याशिवाय हात लागलाच तर पुसायचं आणि वहीत लिहायचं. हा नियम शास्त्राचा आहे. त्यात वावगं काही नाही.

मात्र जानेवारीतल्या त्या शनिवारी कुटुंबदिन होता. कामगारांचे आईवडील, बायका, मुलं कारखाना बघायला येतात तो दिवस. त्याची आखणी मी केली होती. तीन पानांची. त्यात चौदावी ओळ अशी: आज पाहुण्यांना हात लावू द्यावा, फोटो काढू द्यावेत. स्पर्शाची नोंद बंद. सोमवारी सकाळी पूर्ण तुकडा एकदाच पुसावा. चौदावी ओळ मी लिहिली होती आणि तिच्याखाली सरांची सही होती. वहीवर मी चिठ्ठीही लावली होती, आज नोंद नाही.

आईच्या हाताची नोंद करायला मी ती चिठ्ठी वर उचलली. एका बोटाने. मग पुन्हा खाली सोडली.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. मराठीच. पण आमच्यासारखे अलीकडे आलेले नव्हेत. चार-पाच पिढ्या इथेच. घरात मराठी बोलतात, तिच्यात निम्मं कन्नड, 'जरा'च्या जागी 'स्वल्प'. सोसलेच्या माध्व मठाशी घराण्याचा संबंध, दरवर्षी तिथून प्रसाद आणतात आणि सगळ्या टेबलांवर स्वतः फिरून वाटतात. आवाज कधी चढत नाही. मला "बाई" म्हणतात, आदराने. मी कारखान्यात लागले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मूळचे कुठले म्हणायचं तुम्ही?"

"सोलापूर."

"सोलापूरला कुठे हो?"

"स्टेशनजवळ."

"आणि वडील?"

"टेक्सटाइलमध्ये होते."

"आयतु, आयतु," म्हणजे ठीक, ठीक, असं म्हणून ते समाधानाने हसले होते. माझं लग्नानंतरचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, ऐकणारा त्याला हवं तिथे बसवू शकतो. मी कधी खोटं बोलले नाही. पुढचा प्रश्न येणार नाही एवढंच उत्तर द्यायचं, हे मला जमलं होतं. इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या कामांच्या याद्याही माझ्याकडेच असतात. खुर्च्या, चपला, पार्किंग, बक्षिसं यांच्या यादीत माझं नाव असतं. स्वयंपाकाच्या यादीत मी माझं नाव कधीच घातलं नाही. मला कुणी नको म्हटलेलं नाही. कुणी म्हणायच्या आधीच मी स्वतःला काढून ठेवलं होतं. अठरा वर्षं. किती सुटसुटीत.

कुटुंबदिनाला आई यायला नको होती. हे मी तेव्हा मनात म्हणत होते, म्हणून इथे लिहायला हवं. ती महिनाभरासाठी माझ्याकडे राहायला आली होती. नवरा म्हणाला, "घेऊन जा ना, तेवढीच त्यांना करमणूक." आईने इस्त्रीची पांढरी साडी काढली. मी म्हटलं, "निळी नेस, ही मळेल." ती म्हणाली, "मळू दे की. रोज कुठं इमान बघाय मिळतंय." आणि पांढरीच नेसली.

हॉलमध्ये सरांची आईही होती. नव्वदीची. चाकाच्या खुर्चीतून आणलेली. सरांनी तिला तुकड्याजवळ नेलं, तिचा हात धरून पत्र्यावर ठेवला, फोटोग्राफरला थांबवून दोन-तीनदा फोटो काढून घेतला. म्हणाले, "नोडी, बघा, अम्माचा आशीर्वाद लागला विमानाला." सगळे हसले, काहींनी नमस्कार केला. म्हातारी गोड होती. तिने बराच वेळ हात तसाच ठेवला. तिच्यानंतर कुणाकुणाची मुलं आली, सासरे आले. कुणी थापटलं, कुणी कान लावून बघितला, एका लहान मुलीने त्यावर गाल टेकवला. चिठ्ठी वहीवर तशीच होती. मी कोपऱ्यात उभी राहून आलेल्यांच्या नावांपुढे खुणा करत होते.

मग आमची पाळी.

सर पुढे आले. "या, या. बाईंच्या आई का? बन्नी."

आईने हात जोडले नाहीत. हात छातीशी नेला आणि आयुष्यभर ज्या आवाजात म्हणत आली त्याच आवाजात म्हणाली, "जय भीम, साहेब."

मला आठवतं ते सरांचं तोंड नाही. त्यांचे हात. नमस्कारासाठी वर येत होते ते मध्येच थांबले, आणि एका हाताने त्यांनी चष्मा नीट केला. "हां, हां. बरं," म्हणाले. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. अठरा वर्षं चुकीच्या खान्यात ठेवलेली फाइल सापडावी तसं.

आईचं लक्ष नव्हतं. ती तुकड्याभोवती चालत गेली, निमुळत्या टोकाला पोचली, मान तिरकी करून लांबून बघितलं.

"ही तर भरल्याली चाती हाय की गं," ती म्हणाली.

सरांनी ऐकलं. "काय म्हणतात?"

"चाती. सुताची. गिरणीत असतीया नव्हं. सूत भरत आलं का अशीच दिसती, मधी जाड, टोकाला बारीक." तिने हवेत हाताने आकार काढून दाखवला.

सर हसले. मग आजूबाजूच्या दोघातिघांकडे बघून, त्यांनाही हसता यावं म्हणून थांबून, म्हणाले, "अज्जी, हे विमान आहे. सूतगिरणी नव्हे. तुमच्या लेकीने सांगितलं नाही का?"

लेकीला माहीत होतं.

हे मला सांगायचं आहे. बाकीचं सगळं दुसऱ्यांनीही सांगितलं असतं, हे फक्त मीच सांगू शकते. त्या दिवसांत मी नव्या मुलांसाठी शब्दांची पुस्तिका करत होते. इंग्रजी शब्द, पुढे कन्नड, पुढे मराठी, कारण बेळगाव-कोल्हापूरकडून बरीच मुलं येतात. शेवटच्या खान्यात शब्द कुठून आला ते. पहिलाच शब्द होता फ्युजलाज, विमानाचं धड. चारच दिवस आधी मी तो शोधला होता. फ्रेंचमध्ये सूत कातायच्या चातीला फ्युझो म्हणतात. चातीसारखं जे, ते फ्युझले. पहिली विमानं बांधली गेली तेव्हा मधल्या, दोन्हीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भागाला तिथल्या लोकांनी त्यावरूनच नाव दिलं. इंग्रजांनी ते उचललं. आपण इंग्रजांकडून घेतलं. म्हणजे माझ्या आईने नुसतं बघून जे सांगितलं, ते शंभरावर वर्षांपूर्वी कुणा फ्रेंच माणसाच्याही डोळ्यांना दिसलं होतं, आणि ते माझ्या टेबलावरच्या कागदात लिहिलेलं होतं.

त्या कागदात मी चाती लिहिलं नव्हतं. टकळी लिहिलं होतं. टकळी शाळेच्या पुस्तकात असते, कुणीही लिहावी. चाती लिहिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला हा शब्द कसा ठाऊक? तो प्रश्न नको म्हणून.

एक वाक्य पुरलं असतं. सर, ती बरोबर सांगतेय. चार शब्द. मी त्याऐवजी हसले. मोठ्याने नाही. सरांबरोबर हसणाऱ्या लोकांत मोजली जाईन, इतपत.

आईला हसण्याचं काही वाटलं नाही. गिरणीत मुकादमाचं हसणं तिने पुष्कळ ऐकलेलं. ती पुढे झाली आणि निमुळत्या टोकावर तळहात ठेवला. कौतुकाने. बॉबिन नीट भरली आहे का हे बोटांनी चाचपतात, तसा. आणि सर म्हणाले, पुसून घ्या. आणि मी पुसलं.

परतताना बसमध्ये आई खिडकीपाशी बसली होती. हिनकल मागे पडलं. मग म्हणाली, "त्या म्हातारीच्या हाताचं न्हाई पुसलंस."

"नियम असतो आई."

"आसंल," ती म्हणाली.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आणखी खोटं बोलले असते. तिने मला तेवढ्यातून वाचवलं, हे मला फार नंतर कळलं.

दोन दिवसांनी तिला ब्लाउज शिवायचे होते म्हणून आम्ही देवराज मोहल्ल्यात गेलो. शिंपी वयस्क होता. माप घेऊन झाल्यावर त्याने दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुईत ओवलं. आई बघत राहिली. बाहेर आल्यावर बाजारातल्या गर्दीत चालता चालता म्हणाली, "तुझा आजा गिरणीत लागला तवा त्याला मागावर जायचं व्हतं. मागाला मान जास्त. घेतला न्हाई."

"का?"

"मागावर धोटा इकडनं तिकडं पळतो, त्यातलं सूत संपलं का नवी कांडी घालायची, आन् सुताचं टोक भोकातनं तोंडानं वढून काढायचं. श्वासानं. एकाचा धोटा दुसरा तोंडाला लावतो. आमचं तोंड लागल्याला धोटा कोन लावंल? म्हनून मागावर आमचं मानूस न्हाई. चाती चालवा म्हनले. चातीला तोंड लागत न्हाई, नुसता हात लागतो." ती थांबली. भाजीवाल्याकडच्या वाळकाला हात लावून बघितला, पुढे चालू लागली. "तवा हाताचं चालत व्हतं."

एवढंच. माझ्याकडे बघून नाही बोलली. वाळकाकडे बघून.

तिची आई चातीवर, ती चातीवर. मी त्या चातीवर वाढले. तिने रिंगखात्यात बावीस वर्षं सूत कातणाऱ्या साच्यांच्या मधल्या गल्लीतून चालत तुटलेले धागे जोडले, कानात कापूस, केसांत कापूस, आणि मला पॉलिटेक्निकला घातलं. माझं शिक्षण तिने त्या गल्लीत चालून कमावलं. आणि मी टकळी लिहिलं.

ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी ती सोलापूरला गेली. कारण सांगितलं, शेजारणीच्या नातीचं बारसं. मी तिच्या सामानाची यादी केली, गोळ्यांच्या पुड्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलं, गाडीत पाण्याची बाटली दिली. सगळं दिलं. माफी मागितली नाही. ती यादीत नव्हती.

ती गेल्यावर मी पुस्तिकेतलं टकळी खोडून चाती केलं. वाटलं, काहीतरी केलं. पश्चात्तापाला एवढ्यात भागवायची माझी तयारी होती. फेब्रुवारीत सरांनी मसुदा वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. खूश होते. "हा चाती शब्द भारी आहे हो. कुठून काढलात?"

ती दुसरी संधी होती. त्यांनीच दिलेली. त्यांना खरंच आठवत नव्हतं. शब्द त्यांच्या डोक्यात राहिला नव्हता, फक्त जय भीम म्हणणारी बाई राहिली होती.

"कोशात मिळाला," मी म्हटलं.

पुढच्या तुकडीच्या पहिल्या दिवशी सरांनी मुलांना ती गोष्ट सांगितली. फ्रेंच, चाती, विमान. छान सांगितली, हातांनी आकारही काढून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत हजेरी घेत होते. टाळ्या मीही वाजवल्या. हेही लिहिते.

एप्रिलमध्ये तपासणी आली. बाहेरचे तपासनीस येतात, वह्या चाळतात, कुठेतरी बोट ठेवतात. त्या वेळी एक तरुण तमिळ बाई होती, फार नेमकी. मला तिचं काम आवडलं. तिने स्पर्शाची वही घेतली, जानेवारीचं पान काढलं, मग कुटुंबदिनाची आखणी मागून घेतली. चौदावी ओळ वाचली. पुन्हा वही बघितली.

"त्या दिवशी नोंद बंद होती," ती म्हणाली. "पाहुणे दोनशेच्या वर. मग ही एकच नोंद का? आणि ही व्यक्ती कोण?"

माझ्या नीटनेटकेपणाने मला धरलं होतं. दुसऱ्या कुणी त्या दिवशी पुसलं असतं तर लिहिलं नसतं. मी लिहिलं, कारण पुसलं की लिहायचं ही माझी सवय. आईचा ठसा पत्र्यावरून काढला, आणि त्याच हाताने तो कागदावर कायमचा उमटवून ठेवला.

"उद्या सकाळपर्यंत लेखी खुलासा द्या," ती बाई म्हणाली आणि पुढच्या वहीकडे वळली.

सरांनी मला केबिनमध्ये नेलं, दार लावलं, पंखा मोठा केला. "सोपं आहे हो," म्हणाले. "सुम्ने उगाच ताण घेऊ नका. लिहा, सफाईची बाई होती. हाताला ओल होती. म्हणून पुसलं, म्हणून लिहिलं. संपलं."

मी वही मांडीवर घेऊन बसले होते. पेनचं टोपण काढलेलं होतं.

"ती माझी आई होती, सर."

"ते मला ठाऊक नाही का? पण कागदावर कशाला ते?" त्यांचा आवाज मऊ होता. खरोखर मऊ, ढोंग नव्हतं. "तुमच्याच भल्याचं सांगतोय, बाई. आणि बघा, एवढी वर्षं तुम्ही तरी कुठे सांगितलंत? तुम्हालाच नको होतं. मी तर तुमचं झाकतोय."

ते खरं बोलत होते. तिथेच मी तुटले असं लोक लिहितात. मी तुटले नाही. मला एकदम स्वच्छ दिसलं. सरांना माझी आई पुसायची होती, पण कापड त्यांनी एकदाही हातात घेतलं नव्हतं. त्यांना घ्यावंच लागलं नाही. स्टेशनजवळ, टेक्सटाइलमध्ये, टकळी, कोशात मिळाला. मी आयतं पुसून देत आले होते. ते फक्त सांगत होते, बाई, तुमचं नेहमीचं काम करा. आणि आता कागदावर माझी आई सफाईवाली होणार होती. सफाईचं काम करणाऱ्या बाईत लाजण्यासारखं काही नाही. माझी मावशी तेच करते. पण सरांच्या मनात ती बाई होती म्हणजे कुणीच नव्हती. जिच्या हाताचं पुसलं तर कुणी कारण विचारत नाही, अशी.

"मी हे लिहिणार नाही," मी म्हटलं.

"मग काय लिहिणार?"

"झालं ते."

त्यांनी चष्मा काढला. "तुमचं या खेपेचं कंत्राट जूनला संपतंय. नूतनीकरणाच्या कागदावर माझी सही लागते. स्वल्प विचार करा."

"केला," मी म्हटलं.

आमच्याकडे वहीत खाडाखोड चालत नाही. पांढरी शाई नाही, पान फाडणं नाही. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही, तारीख. चूक लपत नाही, दुरुस्त होते. हा नियमही मीच मुलांना पाठ करून घेते. मी त्यांच्यासमोर, त्यांच्याच टेबलावर वही उघडली आणि "बाह्य व्यक्ती" या दोन शब्दांवर रेघ मारली. शेजारी लिहिलं:

माझी आई. सूतगिरणीतील निवृत्त कामगार. नोंद बंद असताना, त्याच दिवशी इतर पाहुण्यांनी, विभागप्रमुखांच्या आईंसह, याच तुकड्याला हात लावला, त्यांचे पुसले नाही. माझ्या आईचे "जय भीम" ऐकल्यानंतर विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून पुसले. कारण जात. पुसणारी मी. मला नियम ठाऊक होता.

जागा पुरेना म्हणून समासात गेले. अक्षर नेहमीसारखंच आलं.

वही माझ्याकडून ओढून घ्यावी असं सरांना क्षणभर वाटलं असावं, हात पुढे आलाही. पण वह्यांवर पानांचे आकडे छापलेले असतात आणि तपासनीस बाई शेजारच्या खोलीत होती. मी वही नेऊन तिच्यापुढे ठेवली. आमच्या वह्या इंग्रजीत असतात, ही दुरुस्ती मात्र मी मराठीत लिहिली होती, आणि मराठी तिला येत नव्हतं. मी इंग्रजीत वाचून दाखवलं, शब्दाला शब्द. "कारण जात" पाशी ती वर बघू लागली. "हे तुम्हाला असंच ठेवायचं आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो. तिने पानाचा फोटो घेतला.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तवा कुठं व्हतीस?" ती म्हणाली.

"तिथंच."

"मंग." तिच्याकडे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला. "लिवलंस ते बरं केलंस. पर माझ्यासाठी म्हनून लिवू नगंस. मला त्याची गरज न्हाई. मी हात लावला, मला म्हाईत हाय मी कशाला लावला."

"आई, माझं चुकलं."

"चुकलं," ती म्हणाली. जाऊ दे म्हणाली नाही. तिने जाऊ दे म्हणावं म्हणूनच मी फोन केला होता, हे मला ती म्हणाली नाही तेव्हा कळलं. मग ती म्हणाली, "जेव जा," आणि फोन ठेवला.

आठवड्याने मला नोटीस मिळाली. नोंदवहीत असंबद्ध व बदनामीकारक मजकूर लिहिल्याबद्दल. गैरसमजातून लिहिले असे कळवल्यास प्रकरण मिटवण्यात येईल, असंही होतं. मी गैरसमज झाला नसल्याचं एका ओळीत कळवलं आणि त्याच दिवशी स्वतःची तक्रार दाखल केली. कंपनीत, आणि एक प्रत बाहेर, पोलीस ठाण्यात, जिथे अशी तक्रार घ्यावीच लागते तिथे. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही मी कोण ते लिहिलं, दोन ओळींत, कामांच्या यादीखाली. बऱ्याच जणांनी वाचलं. तिघांनी उत्तर दिलं. एकीने लिहिलं, आम्ही असं काही मानत नाही, पण हे इथे कशाला?

कंपनीच्या तक्रारीच्या नमुन्यात एक रकाना आहे, ज्यांनी कृत्य केले त्यांची नावे. मी दोन नावं घातली आहेत. पहिलं माझं.

मनुष्यबळ विभागातली बाई चांगली आहे, तिने मला कँटीनमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुमचं नाव काढा. स्वतःविरुद्ध कुणी लिहितं का? केस कच्ची होईल. ते म्हणतील, पुसलं तर यांनीच." माझ्या नवऱ्याचंही तेच म्हणणं आहे. वकिलाचंही. तिघेही माझ्या बाजूचे आहेत आणि तिघांचाही हिशेब बरोबर असेल.

सोमवारी कंपनीच्या चौकशी समितीपुढे बसायचं आहे. सर असतील, मऊ आवाजात बोलतील, सोसलेच्या प्रसादाची आठवण काढतील, माझ्या कामाची तारीफ करतील. पहिला प्रश्न मलाच येईल, तुम्ही स्वतः पुसलंत ना? मी हो म्हणणार आहे. दुसरं नाव कशासाठी, ते त्यानंतर सांगेन. दोन्ही नावं तशीच राहतील.